एकविसावं पान

"काका, एकवीस झाली की पानं," सृष्टी म्हणाली. "आन् वीसच पायजेत."

नेमिनाथ मगदूमनं स्क्रीनवरची पानं पुन्हा पहिल्यापासून मोजली. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, सारांश असं करत तो संदर्भसूचीपर्यंत आला. एकवीसच भरली. नुसतं मोजून पानं कमी होत असती तर या धंद्यात एवढी वर्षं डोळे फोडून घ्यायची त्याला गरजच पडली नसती.

"काल चोवीस हुती," तो म्हणाला. "तीन घालवली का न्हाई? मग ह्ये एक पन घालवू. तू जा, शाळा भरंल."

"काका, पन ऋणनिर्देश काढायचा न्हाई हां. मॅडमचं नाव तेवढ्या एकाच पानावर हाय."

"आगं, मी काढीन व्हय?"

नववीतली ती पोर दप्तर सावरत रस्ता ओलांडून समोरच्या हायस्कुलात पळाली. नेमिनाथ तिच्या पाठमोऱ्या वेणीकडं बघत राहिला. ज्या मॅडमचं नाव ती म्हणत होती, ती त्याची बायको होती. त्रिशलाला जाऊन दोन महिने झाले होते.

आष्ट्याच्या त्या रस्त्यावर 'चंदना डीटीपी अँड झेरॉक्स' हे दुकान अठ्ठावीस वर्षं उभं आहे. चंदना ही त्यांची एकुलती एक मुलगी, आता पुण्यात नोकरीला. दुकानात काय होत नाही ते विचारा. सातबाऱ्याची झेरॉक्स, भाडेकरार, गावच्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, आणि डिसेंबर उजाडला की विज्ञान स्पर्धेसाठी हायस्कूलच्या पोरांचे शोधनिबंध. प्रयोग पोरं करतात, समजावून शिक्षक सांगतात, आणि त्या सगळ्या पसाऱ्याला शोधनिबंधाचं रूप नेमिनाथ देतो. शाळकरी पोरांना कशाला हवेत असले निबंध, असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षी नेमिनाथही त्यांच्यातलाच होता. मग हळूहळू त्याला त्या कामाची गोडी लागली. काय विचारलं, कसं शोधलं, काय दिसलं आणि त्यावरून काय कळलं, एवढ्याच गोष्टी आणि त्याच क्रमानं. माणसं बोलताना एवढी शिस्त पाळतील तर निम्मी भांडणं मिटतील, असं त्याचं मत झालं होतं.

ही शिस्त त्याच्यात मुळातली नव्हती. ती त्रिशलानं आणली. शाळा सुटली की ती घरी न जाता सरळ दुकानात यायची, पर्समधून स्टीलची पट्टी काढायची आणि छापलेल्या पानावर ठेवायची.

"आवं, ह्यो समास बघा. पाऊन इंच भरतोय. नियमात एक इंच हाय."

"कोन बगतंय गं पट्टी लावून?"

"मी बगितलं न्हवं का आत्ता?"

मग नेमिनाथ गुरगुरत सगळी पानं पुन्हा छापायचा. त्या दिवशी घरी चहा कोमट मिळाला तरी तो काही बोलायचा नाही, कारण चूक आपलीच होती हे त्याला आतून माहीत असायचं.

सतरा वर्षं ती त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होती. पण शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता तिला शेवटपर्यंत आली नाही. दरवर्षी प्रस्ताव जायचा, दरवर्षी काहीतरी त्रुटी निघायची. वर्गात ती होती, यादीत नव्हती. त्यामुळं तिनं पोरांकडून करून घेतलेल्या निबंधांवर मार्गदर्शक म्हणून कधी या सरांचं, कधी त्या सरांचं नाव पडायचं. नेमिनाथ ते टाइप करताना चिडायचा. ती हसून म्हणायची, "पोरांना कळलं न्हवं? मग झालं तर." यंदा जूनमध्ये मात्र मुख्याध्यापक आपण होऊन म्हणाले, मॅडम, या खेपेला तुमचंच नाव घालू, बघू कोण काय म्हणतंय ते. त्या संध्याकाळी ती दुकानात येऊन खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आवं, पूर्ण नाव घाला बरं का. त्रिशला नेमिनाथ मगदूम. नुसती आद्याक्षरं नकोत."

ऑक्टोबरात तिला ताप आला. आधी गावातच दाखवलं, मग सांगलीला हलवलं, आणि अकराव्या दिवशी सगळं संपलं. तिचं नाव छापायची वेळ नेमिनाथवर आयुष्यात दोनदाच आली होती. पहिल्यांदा लग्नपत्रिकेत, तेव्हा तो प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला होता आणि ते नाव जुळवताना त्याचे हात थरथरले होते. दुसऱ्यांदा श्रद्धांजलीच्या बॅनरवर. तेव्हा मात्र हात अजिबात थरथरले नाहीत, आणि त्याचंच त्याला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

दुपारच्या सुट्टीत राजवर्धन सर आले. त्रिशलाच्या जागेवर आलेला हा मेढ्याकडचा तरुण मास्तर. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. दुकानात येताना दरवेळी तो चपला बाहेर काढायचा. दुकानात कुणी चपला काढत नसे, पण नेमिनाथनं त्याला कधी सांगितलं नाही.

"काका, किती झाली?"

"एकवीस."

राजवर्धननं हातातलं नियमांचं पत्रक उलगडलं. ते दोघांनाही आता पाठ झालं होतं. मुखपृष्ठापासून संदर्भसूचीपर्यंत वीस पानं, एक जास्त झालं तर निबंध बाद. मार्गदर्शक सध्या सेवेत असलेलाच शिक्षक हवा, त्याची सही प्रमाणपत्रावर हवी. व्यक्तींची नावं मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देश सोडून आत कुठंही येता कामा नयेत. ऋणनिर्देश ऐच्छिक, पण दिलाच तर स्वतंत्र पानावर.

"मार्गदर्शक म्हणून माझं नाव," राजवर्धन म्हणाला. "मी काय केलंय यात? नोव्हेंबरात आलो तेव्हा प्रयोग संपलेले होते. सही करताना मला लाज वाटणार आहे, काका."

"तुमचा काय दोष? सही न्हाई केली तर पोरींचं वरीस वाया जाईल."

"एक बोलू? तो चौथा तक्ता काढला तर पान वाचतंय. आणि खरं सांगायचं तर निष्कर्षही नेटका होतो. मी काढा म्हणत नाही. पण ऋणनिर्देश राहिला पाहिजे असं मलाही वाटतं."

एवढं बोलून तो चपला घालून निघून गेला. नेमिनाथ एकटाच त्या तक्त्याकडं बघत बसला.

निबंध मातीवर होता. कृष्णेकाठची काळी जमीन उसाला पाणी पाजून पाजून मिठाळत चालली आहे, वर पांढरं फुटतं आणि पेरलेलं उगवत नाही. सृष्टी आणि तिची मैत्रीण अपेक्षा या दोघींनी चार शेतांतली तसली माती आणून कपांमध्ये भरली, निम्म्या कपांत खारी जमीन सुधारायला घालतात ते जिप्सम मिसळलं, सगळ्यांत गव्हाचे दाणे टाकले आणि वीस दिवस रोज कोंबांची उंची मोजली. तीन शेतांच्या मातीत जिप्समनं गुण दिला. चौथ्या मातीत काहीच झालं नाही. जिप्सम घातलेले आणि न घातलेले कप सारखेच बोडके. चौथा तक्ता म्हणजे शून्यांचं एक अख्खं पान होतं.

शून्यांचं पान ठेवायचं आणि तिच्या नावाचं काढायचं? नेमिनाथनं खुर्ची पुढं ओढली. चौथा तक्ता निवडला आणि पुसून टाकला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. निबंधभर 'चार शेतं' लिहिलेलं होतं, त्याची तीन करायला हवी होती. संगणकाला एकदम बदल करायला सांगितलं तर तो 'विचार'चासुद्धा 'वितीन' करून ठेवतो, हे त्याला मागं एकदा चांगलंच महागात पडलं होतं. म्हणून त्यानं एकेक जागा शोधून हातानं बदलली. अकरा ठिकाणी. शेवटी निष्कर्षातलं 'काही जमिनींत' काढून 'अशा जमिनींत' केलं. निबंध आता खरोखरच नेटका दिसायला लागला. पानं वीस, आणि तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत तिचं पूर्ण नाव. त्यानं ते एकदा मोठ्यानं वाचलं. फार बरं वाटलं त्याला.

संध्याकाळी सृष्टी प्रूफ वाचायला आली. अपेक्षा गावाला गेली होती. नेमिनाथनं छापलेली पानं तिच्या हातात दिली आणि उगाचच झेरॉक्सच्या मशीनची काच पुसायला घेतली. ती उभ्याउभ्याच, ओळीखाली बोट धरून वाचत होती. तिसऱ्या पानावर थांबून ती हसली. पुढं अकराव्या की बाराव्या पानावर बोट थांबलं. तिनं एक पान मागं उलटलं, मग दोन पुढं.

"काका, आबाचं शेत कुटं गेलं?"

नेमिनाथच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. चौथी माती तिच्या आजोबांच्या, आकाराम आबांच्या शेतातली होती, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. की राहिलं होतं?

"पान वाचवायचं हुतं," तो म्हणाला. "तीन शेतांचं बरोबर जमतंय. आन् राजवर्धन सरपन म्हनले, चालंल म्हून."

"पन आमी चार घेतलीवती."

"व्हय गं."

"मग?"

नेमिनाथनं फडकं पुन्हा काचेवर फिरवलं. सृष्टीनं दप्तरातून वही काढली, पान उघडून काउंटरवर ठेवलं. शून्यांच्या रकान्याखाली त्रिशलाचं लाल अक्षर होतं. 'हे काढायचं नाही. जे उगवलं नाही, तेही मोजायचं.'

याच वहीवरून त्यानं सगळा निबंध टाइप केला होता. ही ओळ त्यानं पहिल्याच दिवशी वाचली होती आणि आज दुपारी ती आठवलीही होती. आठवूनसुद्धा त्याचे हात चालतच राहिले होते.

"आमीच म्हनलो हुतो मॅडमना, काढू या म्हून," सृष्टी सांगायला लागली. "तवा लय चिडल्या आमच्यावर. मग दुसऱ्या दिवशी आबाच्या शेतात सोता आल्या, चपला हातात घिऊन, चिखलातनं. आबा म्हनला, बाई, ह्यात आता काय न्हाई उगवत, कशाला उगं पाय भरवून घेताय. तर मॅडम म्हनल्या, आबा, न्हाई तर न्हाई, आमी तसंच लिहू."

ही गोष्ट नेमिनाथला माहीत नव्हती. चिखलानं भरलेली साडीची किनार त्यानं एका संध्याकाळी बघितली होती आणि 'कुटं लोळून आलीस?' असं विचारलं होतं. तिनं काय उत्तर दिलं ते आता काही केल्या आठवेना. मरून गेलेल्या माणसाची एखादी नवीन गोष्ट कळते तेव्हा ते माणूस पुन्हा एकदा जातं. त्यानं काउंटरला धरलं. त्याला रडू आलं, आणि एवढ्याशा पोरीसमोर आलं म्हणून काही लाजही वाटली नाही.

सृष्टी घाबरली. "काका, मग समास वाईच कमी करा की. दोन्ही पानं बसत्याल. कोन बगतंय?"

"न्हाई," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

"मग मॅडमच्या नावाची एक वळ कुटंतरी?"

"नियमात न्हाई बाळ."

मग तिला कळलं, पुढं काय होणार ते. ती एकदम ओरडलीच, "आवं पन तुमी त्येंचं माणूस हाय की!"

"म्हूनच," नेमिनाथ म्हणाला.

तो खुर्चीवर बसला. अकराच्या अकरा जागी त्यानं पुन्हा 'चार' केलं. 'काही जमिनींत' परत आणलं. शून्यांचं पान होतं तिथं बसवलं. त्यानंतर तो तिसऱ्या पानावर गेला. पोरींनी लिहिलेल्या चारच ओळी होत्या. त्यांतली शेवटची अशी होती: 'उत्तर माहीत नसताना गप्प बसायची आम्हाला लाज वाटायची, ती त्रिशला नेमिनाथ मगदूम मॅडमनी घालवली.' ती ओळ त्यानं दोनदा वाचली, आणि पान पुसलं. सृष्टी त्याच्या खुर्चीमागं उभी राहून हुंदके देत होती. स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात वीस हा आकडा दिसत होता.

जानेवारीत सांगलीला जिल्ह्याचं सादरीकरण होतं. नेमिनाथचं तिथं काही काम नव्हतं, पण दुकान बंद ठेवून तो राजवर्धन आणि दोघी पोरींबरोबर एसटीनं गेला. जिल्ह्यातून एकच निबंध पुढं साताऱ्याला विभागीय फेरीला जाणार होता. त्रिशलाचं माहेर फलटणचं. जूनपासून ती म्हणत होती, पोरींना साताऱ्याला न्यायचं, येताना फलटणला दोन दिवस राहायचं, आईच्या हातचं खायचं. तिच्या त्या बेतातली पोरींची अर्धी बाजू तरी पुरी व्हावी, एवढंच आता नेमिनाथला हवं होतं.

सभागृहात तो अगदी मागच्या रांगेत बसला. सकाळी एका शाळेचा निबंध तिथल्या तिथं बाद झाला. परीक्षकांनी विचारल्यावर त्यांच्यातला एक मुलगा सांगून बसला, की खरं काम आमच्या क्लासच्या सरांनी करून घेतलं. प्रमाणपत्रावर एक नाव आणि तोंडी दुसरं, म्हणजे प्रमाणपत्रच खोटं, असं परीक्षक म्हणाले. पोरं रडत खाली उतरली. राजवर्धनच्या कपाळावर घाम आला होता.

सृष्टी आणि अपेक्षा मात्र छान बोलल्या. घोटवून घोटवून घेतलेल्या पुस्तकी भाषेत, एकदाही न अडखळता. शेवटी मध्ये बसलेल्या वयस्कर परीक्षकांनी निबंध चाळत चष्मा वर केला.

"हा चौथा तक्ता. सगळी शून्यं. हा तुमच्या निष्कर्षाला अडचण करतो. गाळला असता तर मुद्दा चोख बसला असता. का ठेवला?"

सृष्टीनं माइक हातात घेतला. "सर, ते शेत माझ्या आजोबांचं आहे. तिथं काही उगवलं नाही. जे उगवलं नाही, तेही मोजायचं असतं."

परीक्षक तिच्याकडं बघतच राहिले. त्यांनी निबंध मिटून टेबलावर ठेवला.

"तीस वर्षं मी मोठमोठ्यांचे प्रबंध तपासतोय," ते म्हणाले. "असले तक्ते लोक गुपचूप गाळतात. हे तुला कोणी शिकवलं, बाळ?"

अपेक्षानं सृष्टीचा हात धरला. माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं समोरच्या रांगेत बसलेल्या राजवर्धनकडं बघितलं नाही. सगळ्या खुर्च्यांवरून नजर टाकत ती मागच्या रांगेपर्यंत आली आणि नेमिनाथवर थांबली.

ती सांगणार होती. त्यानं मान हलवली की सांगणार होती. पूर्ण नाव, या भरल्या सभागृहात, माइकवरून, एकदाच. शिक्षण खात्याचे दोन साहेब पहिल्या रांगेत बसलेले होते, त्यांच्या कानांवर पडलं असतं. सतरा वर्षं जे कुठल्या यादीत बसलं नाही, ते एकदा तरी मोठ्यानं उच्चारलं गेलं असतं. आपल्याला हे केवढं हवंय, हे नेमिनाथला त्या क्षणी कळलं. तहान लागावी तसं हवं होतं त्याला ते.

त्यानं पोरीकडं बघत सावकाश मान आडवी हलवली.

"आमच्या सरांनी," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण परीक्षकांना वाटलं असेल, पोर एवढ्या माणसांपुढं घाबरली.

"कुठं आहेत मार्गदर्शक? उभे राहा सर, बघू दे सगळ्यांना," परीक्षक म्हणाले. "अशा शिक्षकासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

राजवर्धन उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्यानं वळून मागं नेमिनाथकडं बघितलं, मग परीक्षकांकडं, आणि हात जोडून म्हणाला, "सर, मला एक सांगायचंय. हे खरं तर..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आत मागच्या रांगेतून नेमिनाथनं जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.